दरडोई

डुलुथला सरोवर गोठलं की
डॉक्टर हाउगेन हिशेबाला बसतात.
प्लॅनकडून महिन्याला, दरडोई, एकोणीस डॉलर.
माणूस आला तरी तेवढेच,
नाही आला तरी तेवढेच.
नाही आला तर बरंच.

दवाखाना वडिलांचा.
तेव्हा लोक फीऐवजी मासे आणायचे, धुरी दिलेले,
वर्तमानपत्रात गुंडाळून.
आता पाटीवर नाव तेच,
पाटी मात्र कंपनीची.
खुर्ची, फ्रीज, वजनकाटासुद्धा;
आणि कंपनीचे चाळीस शेअर डॉक्टरांच्या नावे,
म्हणजे काटा थोडासा त्यांचाही.

व्हर्ना टोलेफसन, वय एकोणऐंशी.
मंगळवारपासून उजवा पाय ओढतेय.
डोकं दुखतं म्हणते, "फार नाही."
तिमाही तक्त्यात ती केव्हाच डोईजड झालीये.
स्कॅन लिहून दिला, तर डॉक्टरांच्या
राखून ठेवलेल्या रकमेतून कापला जाणार, डिसेंबरात.
तिला हे ठाऊक नाही.
ती विचारते, "इंग्रिडचं कॉलेज कसं चाललंय?"

ते तिच्या डोक्यावर हात ठेवतात.
विरळ केस, टोपीने चपटे झालेले,
आणि कानामागे एक टेंगूळ.
"पायरीवर बर्फ होता," ती म्हणते,
"त्यात काय सांगायचं?"
एकोणीस डॉलरची डोई
तळव्याखाली कोमट.

ते पेन काढतात.
स्कॅन लिहितात, आजच, तातडीने.
ती कोटाची बटणं लावत बसते, सावकाश.

पेनाला टोपण लावताना त्यांच्या ध्यानात येतं:
हात ठेवण्याआधी
आपण वजाबाकी करून ठेवली होती.