रिक्त जागा

भद्रावतीच्या अलीकडे, फाट्यावरच्या कॉलेजात
माझी एक नळीची भट्टी आहे. फार मोठी नाही,
दुधाच्या कॅनएवढी.
आत झिर्कोनियाची पांढरी वडी
आणि तिला प्लॅटिनमच्या चार तारा.
दोन प्रवाह ढकलतात,
दोन नुसत्या ऐकतात.

वडीखालची बैठक झिबल वाघाडेंनी घडवली.
बावीस वर्षं कारखान्यात त्यांनी
विजेच्या खांबांवरच्या चिनीमातीच्या वाट्या केल्या.
ते म्हणाले, "मातीतून करंट जात नाही, बाई,
म्हणून तं खांबावर बसवतेत."
मी म्हटलं, तापू द्या.

तीनशेला लाखभर ओहम.
सातशेला शंभराच्या आसपास.
हजारला दहा.
झिबलभाऊंनी चष्मा पुसला,
पुन्हा पाहिलं,
आणि माझ्याकडे असं बघितलं
जणू मीच काही कालवलंय.

काही कालवलं नव्हतं.
म्हणजे, थोडं यिट्रियम. त्यानं आत जागा रिकाम्या होतात,
आणि ताप चढला की ऑक्सिजन
एका रिकाम्या जागेतून दुसरीत उडी घेतो.
सगळं भरलेलं असतं तर वडी मुकीच राहिली असती.
(आमच्या विभागात तीन पदं रिक्त आहेत, सहा वर्षं.
त्यांतून अजून काही वाहिलेलं नाही.)

अडचण वेगळीच होती.
अकराशेला भट्टीची नळीसुद्धा वीज पाझरू लागते,
आणि मीटरचे शेवटचे दोन आकडे
फुटाण्यासारखे उडतात.
आठवडाभर मी तारा गुंडाळल्या, सोडवल्या,
जमिनीत सळई ठोकली,
सळईला पाणी घातलं, तुळशीला घालावं तसं.

चार वाजता लाइन गेली.
पंखा थांबला, भट्टीची घरघर थांबली.
बाहेर शेहेचाळीस अंश, आत चार आकडी,
आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणाऱ्या मीटरवर
आकडे एकदम गप्प उभे.
"लिहा," मी ओरडले.

उतरत्या तापाबरोबर मी सांगत गेले,
झिबलभाऊ खापरावर नाव कोरावं तसे
दाबून दाबून लिहीत गेले.
"आता बंद झाला का?"
नाही. मंदावला.

रात्री आलेख काढला. रेष सरळ आली,
फक्त आठशे सत्तरचा बिंदू खाली घसरलेला.
तेव्हा ते सांगत होते,
कारखान्याची चिमणी शेवटची कधी धुरली होती.
मी वाचायला उशीर केला.

बिंदू तसाच ठेवलाय.
शेऱ्याच्या रकान्यात एवढंच:
लाइन नव्हती.