पाहिजे

वालपराइसोच्या टेकड्यांवर तिरपे चढणारे सहा डबे
आमच्या कंपनीकडे आहेत.
डबे लाकडी, रूळ जुने, पोलादी दोर त्यातल्या त्यात नवा.
दोराचं दुखणं कानाआधी ज्याच्या बोटांना कळायचं
तो बेलिसारिओ मार्चमध्ये निवृत्त झाला.

त्याच्या जागेची जाहिरात मीच लिहिली.
'पाहिजे: अनुभवी मेकॅनिक.
पदविका आवश्यक.
गतिमान, ध्येयवेडा, दबावाखाली हसतमुख.'
हसतमुख!
बेलिसारिओ एकोणीस वर्षांत माझ्यासमोर दोनदा हसला,
त्यातही एकदा बहुतेक दाढ दुखत होती.

अर्ज आले दोनशे चौदा.
सगळे गतिमान, सगळेच ध्येयवेडे.
कोपऱ्यावरच्या दुकानातल्या एम्पानाड्यांसारखे:
मुरड सगळ्यांची सारखी,
फोडल्याशिवाय सारण कळायचं नाही.

'पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?'
एलिसेओ म्हणाला, 'तुमच्या खुर्चीत.'
मी खुर्ची किंचित मागे घेतली.

तिसऱ्या दिवशी दुपारी
प्रश्नांचा कागद पालथा घालून
ग्रिसेल्दा नावाच्या मुलीला मी विचारलं:
'रात्रीचे दोन वाजलेत. दोराचा आवाज बदललाय.
तुला काहीच सुचत नाहीये.
फोन कुणाला करशील?'

ती थांबली.
तीन दिवसांत पहिल्यांदाच
कुणीतरी माझ्यासमोर थांबलं.
मग म्हणाली, 'नोल्फाला.'
आणि ओशाळली,
ठेवणीतली वस्तू भलत्याच्या हाती दिल्यासारखी.

पुढच्यालाही तेच विचारलं.
त्यानं मंत्र्याच्या मेहुण्याचं नाव सांगितलं.
त्याच्या मागचा म्हणाला,
'मला कुणाची मदत लागत नाही.'
त्याला मी जिना दाखवला.
त्याच्यानंतरचा लाजत म्हणाला, 'आहे एक बाई, बंदरावर.'

संध्याकाळपर्यंत एकोणीस जणांपैकी चौघांनी
तेच नाव घेतलं. एकानं आडनावासकट:
हुएंचुमिल.
दोनशे चौदांत मी ते पुन्हा पुन्हा शोधलं.
नव्हतं.

मासळीबाजाराच्या मागे
होड्या वाळूवर ओढायचं यंत्र आहे.
त्याखालून दोन बूट तेवढे बाहेर आले होते.
भोवती पेलिकन, उधारी मागायला आल्यासारखे उभे.
मी बुटांना विचारलं, 'तुम्ही अर्ज का नाही केलात?'

'वाचली की जाहिरात,' बूट म्हणाले.
'दुसऱ्या ओळीशी थांबले. पदविका नाही.
तिसरी नंतर वाचली, आणि हसले.
म्हणजे हसतमुखाची अट पुरी झाली म्हणा.'
मग पाना मागितला. मी चुकीचा दिला.
'बारा नंबर,' ती म्हणाली, न रागावता.

परतताना बेलिसारिओच्या दारावर थाप मारली.
तो टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होता.
'नोल्फा?' तो म्हणाला.
'दोन वर्षं तिलाच तर विचारत होतो
सहाव्या डब्याचं.
सांगितलं असतं मार्चमध्येच.
विचारलंस कुठे?'

खरंच, निरोपाच्या दिवशी
मी त्याला केक दिला होता, घड्याळ दिलं होतं,
फोटोसाठी खांद्यावर हातही ठेवला होता.

चाळण मीच विणली होती.
दाणे खाली सांडत राहिले,
आणि वर उरलेलं मोजत मी बसले, दोनशे चौदापर्यंत.

पदविकेची ओळ मी खोडली.
संचालकांनी पेन्सिलीनं पुन्हा लिहिली, 'असल्यास प्राधान्य'.
यावर आमचं भांडण अजून चालू आहे.
नोल्फानं पगार मात्र आमच्या आकड्यापेक्षा वर मागितला
आणि गप्प बसली.
त्या गप्प बसण्यापुढे आम्ही हरलो.

सोमवारी ती आली.
दोरावरून बोटं फिरवली, मधेच थांबली,
पुन्हा मागे आली. काही बोलली नाही.
त्या दिवशी चौथा डबा आम्ही बंद ठेवला.

ग्रिसेल्दालाही घेतलं.
तिला अजून फार काही येत नाही.
पण फोन कुणाला करायचा
हे तिला माझ्याआधी माहीत होतं.