रेमेतचा उशीर

भिंतीपलीकडे वेंगुर्ल्याचा बर्फाचा कारखाना.
अलीकडे मी, लॅपटॉप, आणि लाल पेटीएवढा
ऑडिओ इंटरफेस, ज्याचे हप्ते अजून सात.

जळबा तांडेल चपला दाराबाहेर काढून खुर्चीत बसले.
पाण्याखालचे खडप त्यांना तोंडपाठ:
कुठला कळस कुठल्या माडाआड गेला
की जाळं टाकायचं नाही, ते सगळं.
मला ते टिपून ठेवायचं होतं.
फाइलमध्ये उतरत होती
फोडणीतली मोहरी.

आणि तडतडायची नेमकी नावांवर.
"घोरपीचो ख, टक्, डप."
बाकी वाक्य स्वच्छ,
खोकलासुद्धा स्वच्छ.

"तुझ्या मशिनीक दात इलेत," जळबा म्हणाले
आणि उठून गेले. भरतीची वेळ झाली होती.

चार दिवस मी दुसरं काही केलं नाही.
ड्रायव्हर काढला, घातला, पुन्हा काढला.
चव्वेचाळीसचे अठ्ठेचाळीस हजार केले.
वायफाय बंद, पंखा बंद, फोन फ्रिजमध्ये.
फ्रिजमध्ये का, विचारू नका,
तिसऱ्या रात्री माणूस काहीही करून बघतो.

तडतडीच्या खाली एक गुणगुणही होती,
कारखान्याचा कॉम्प्रेसर सुरू झाला की जाड होणारी.
नझीर वायरमनने प्लगला टेस्टर लावला आणि हसला.
"अर्थिंग आहेच कुठे? जांभा नुसता कोरडा."
मग परसात खड्डा, कोळसा,
आणि पाच किलो मीठ.
समुद्र दोनशे पावलांवर,
आणि मी दुकानातून मीठ विकत आणतेय
जमिनीत पुरायला.
शेजारची बाई बघत होती. मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

गुणगुण गेली.
मोहरी राहिली.

उरला बफर. ते असं असतं:
आवाज ओंजळीने न्यायचा.
ओंजळ लहान, तर खेपा फार,
एखादी सांडते, तेच टक्.
मोठी केली तर सांडत नाही,
पण पोचायला वेळ.
चौसष्ट होता. एकशे अठ्ठावीस केला. दुप्पट, पुन्हा दुप्पट,
शेवटी दोन हजार अठ्ठेचाळीस,
आणि खोलीत फक्त खोली ऐकू आली.

जळबांच्या कानांवर हेडफोन चढवला.
"घोरपीचो खडप," ते म्हणाले
आणि थांबले.
मान वळवून मागच्या भिंतीकडे पाहिलं.
"माझ्या मागसून कोण बोलता?"

मी सांगितलं, तुमचाच आवाज,
सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा.
म्हटलं, एक बटण आहे, दाबलं की जाईल.

"रवांदे," ते म्हणाले.
"रेमेत असोच बोलायचो.
मी नाळीर, तो सुकाणार.
मी खूण सांगी, तो परत म्हणी.
चुकाक नको म्हणान."

त्या दुपारी एकतीस खडप.
प्रत्येक नावानंतर हनुवटी जराशी वर,
मागचा म्हणेपर्यंत थांबायचं,
मगच पुढचं.

खरं कारण महिन्याने सापडलं.
केबलचं टोक हिरवं पडलेलं,
खाऱ्या वाऱ्याने दोन वर्षांत
तांब्याचं जे व्हायचं ते झालेलं.
सावंतवाडीहून नवी आणली, तीनशे रुपये,
पोर्ट स्पिरिटने पुसलं,
बफर पुन्हा एकशे अठ्ठावीसवर,
एक टक् नाही.
मी एकटीच टाळी वाजवली.

जळबा आले, खाडीच्या तोंडाचे सांगायचे राहिले होते.
हेडफोन घातला. "म्हातारीचो दात," म्हणाले.
थांबले.
एका कानावरचा बाजूला करून
भिंतीकडे, मग माझ्याकडे.

"तो खंय गेलो?"

कारखान्यात बर्फाची लादी सरकल्याचा आवाज आला.
"एक मिनिट," मी म्हटलं,
आणि सेटिंग उघडलं.