सुरगाठ

शिवलिंगव्वा पहाटे दाराशी येऊन म्हणाली, "होळी बंतू."
लग्नानंतरचा माझा पहिला श्रावण.
मी हसले. म्हटलं, श्रावणात कसली होळी?
आत्ती हसल्या नाहीत.
"होळी म्हणजे नदी गं," एवढंच बोलल्या
आणि चुलीवरचं दूध उतरवून
माळ्याला शिडी लावली.

माझं माहेर खानापूरकडं, रानात, चढावर.
तिथलं पाणी अंगणातनं पळत जातं,
कुणाकडं मुक्काम करत नाही.
दूधगंगा तशी नाही. समोरून येतच नाही ती.
मागच्या उसातनं, न्हाणीच्या भोकातनं
आवाज न करता येते
आणि आली की आठ-आठ दिवस बसते.

निळं पिंप खाली आलं, फिरकीच्या झाकणाचं.
तळाशी कन्नडमधले उतारे, मराठीतलं जुनं खरेदीखत,
एकाच प्लास्टिकात, न भांडता.
त्यावर रेशनकार्ड, काडेपेटी, मामांचा चष्मा.
इन्सुलिन पिंपात नाही, ते ओल्या मडक्यात,
मडकं माझ्या कडेवर.
गंजी केंद्रातल्या आमटीत कांदा असतो
आणि आत्तींचा चातुर्मास,
म्हणून कडक भाकऱ्यांची चळत,
बिनलसणाची शेंगाचटणी, गूळ.
"आणि दिवस मावळायच्या आत खायचं," त्या म्हणाल्या,
"तिथंसुद्धा."
मी बॅटरीचे सेल जिभेला लावून बघितले.

एवढ्यानं झालं, असं मला वाटलं.

गोठ्यात त्यांनी दावं हातात दिलं.
"बादलीच्या कडीला बांध."
मी बांधलं. दोन वेढे, वर निरगाठ,
आईनं शिकवलेली, कधी न सुटणारी.
त्यांनी ती पाण्यात बुडवली,
म्हशीला पेंड घातली, शेण ओढलं,
मग म्हणाल्या, "आता सोड."

सुटेना.
सुंभ भिजून फुगलेला, गाठ दगडासारखी.
नखं गेली. शेवटी दात लावले.
आत्ती बघत राहिल्या.
"मागच्या महापुराला छातीएवढ्या पाण्यात
मी अशीच दात लावत होते.
विळा घरात राहिला होता.
चंद्री माझ्याकडं बघत होती."
पुढचं त्यांनी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

मग सुरगाठ.
बोटभर फास, शेपूट बाहेर,
एका ओढीत सुटली पाहिजे.
उजव्या हातानं, डाव्या हातानं,
डोळे मिटून, घमेल्यातल्या पाण्यात हात बुडवून.
रात्री बाजेच्या पायाला बांधली, पदराला बांधली,
झोपलेल्या यांच्या अंगठ्याला बांधली.
रस्त्यावरनं पंचायतीची रिक्षा कन्नडमध्ये ओरडत गेली,
मागनं दुसरी, मराठीत,
दोन्हींचा अर्थ आता मला एकच लागत होता.

पाणी बस्तीच्या तिसऱ्या पायरीवर आलं.
दोन रात्री तिथंच थांबलं.
तिसऱ्या दिवशी पायऱ्या दिसल्या, गाळासकट,
सदलग्याची एसटी सुरू झाली.

पिंप मात्र दसऱ्यापर्यंत माळ्यावर गेलं नाही.
पाहुणे आले की मी हळूच झाकण फिरवून
ओंजळभर शेंगा काढायची.
दुसऱ्या दिवशी बघावं तर
कुणीतरी पुन्हा काठोकाठ भरलेलं.

गोठ्यात तीन जनावरं, तीन सुरगाठी.
जाता-येता आत्ती एखादी ओढून बघायच्या,
सुटली की दावं माझ्या हातात द्यायच्या.

आणि परवा धाकट्या रेडीनं
आपणच शेपूट तोंडात धरून ओढलं,
मध्यरात्री मक्यात शिरली, शिवलिंगव्वाच्या.
उजाडता शिवलिंगव्वा दारात, कमरेवर हात,
अर्धं कन्नड, अर्धं मराठी, सगळ्या शिव्या.

आत्ती उंबऱ्यावर बसल्या
आणि डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसल्या.