खांबाआड

बेकरीतली हाइके चार वर्षांत
"पुढचं कोण?" याखेरीज बोलली नव्हती माझ्याशी.
आज एकोणसत्तराव्या मिनिटाला
थेट गळ्यात पडली,
कुणाची तरी बिअर माझ्या चष्म्यावरून ओघळली.
गोल मला दिसलाच नाही.
खांब मध्ये होता.

गाणं येत नव्हतं. नुसते ओठ हलवले,
परक्या घरच्या आरतीत हलवतात तसे.
म्हाताऱ्या डेटलेफने आपल्या मफलरवरची ओळ
बोट फिरवून वाचून दाखवली.

मग दोन गोल खाल्ले.
कुणी जागचं हललं नाही.
चिखलात बसलेल्या पोरांसाठी
बधिर हातांच्या टाळ्या, कितीतरी वेळ.

ट्रॅममध्ये हाइके म्हणाली, "हरलो."
तिच्या भाषेत 'आम्ही' आणि 'आपण' एकच.
कोणतं, ते मी विचारलं नाही.
सोमवारी पाव आणायला जायचंच आहे.