तूरडाळीची माणसं

नियमावलीत अट होती: संघात किमान चार विद्याशाखा.
म्हणून मी. टी.वाय. बी.कॉम.,
जिला सेक्शन म्हणजे काय ते
केक कापून समजवावं लागलं.

मृण्मयी बागूल रेषा काढायची,
अरहान कोकणी त्या उभ्या राहतील का ते बघायचा,
निनाद गांगुर्डे भूगोलाचा, सगळ्यांना पुराची भीती घालायचा.
मला म्हणाले, तू मोज.

मोजलं.
गोदाघाटावर, बुधवारी, सकाळी सात ते बारा,
वहीत रेघा, चार उभ्या एक आडवी.
तीनशे बारा बसलेले.
लसूण, गावठी कोथिंबीर, कुलपं हरवलेल्या किल्ल्या,
एका बाईपुढे फक्त लिंबं, सहाच, तीही जावेची.
वांगीवाली म्हणाली,
घ्यायचं नसलं तर सरक बाई,
गिऱ्हाइकाला माझं तोंड दिसू दे.
सरकले. तिलाही धरलं. दोनशे सात.

आराखड्यात ओटे एकशे चाळीस.
मृण्मयी म्हणाली, याहून जास्त बसत नाहीत,
नदी बघायला मोकळी जागा हवी.
कुणाला बघायला, ते मी विचारलं नाही.
निनादनं निळा दोरा ओढला, पूररेषा.
दोऱ्याखाली नव्वद गेले.
अरहान म्हणाला, ओटे दोन फूट उचलू.
उचललेल्या ओट्यावर म्हातारी चढेल कशी,
यावर भांडलो,
वॉचमननं दिवे घालवले तरी
मोबाइलच्या उजेडात भांडलो.

दोरा सोडला तर मॉडेल पांढरं.
परीक्षकांना तसंच लागतं म्हणे:
पांढरा घाट, पांढरं पाणी, पांढरी झाडं,
पांढरा दुतोंड्या मारुती,
अरहाननं खोडरबरात कोरलेला, दीड सेंटिमीटर,
दोन्ही तोंडं नीट, पुढचं जरा हसरं.
तो हवाच. गुडघ्याला लागलं, छातीला लागलं,
याखेरीज पुराचं दुसरं माप नाशकात कुणाला पटत नाही.

माणसं विकत मिळतात, शंभराचं पाकीट.
सगळी उभी. सगळी कुठेतरी निघालेली, हातात बॅग.
बसलेलं एकही नाही.
आमच्या प्रमाणात बसलेली बाई
साधारण तुरीच्या डाळीएवढी भरते.
हे मी शोधलं. माझं योगदान म्हणून एवढं लिहा.
घरून वाटीभर आणली, चिमट्यानं लावली,
आधी ओट्यांवर, मग उतारावर, पायऱ्यांत,
मारुतीच्या मागच्या तोंडासमोर, दोऱ्याच्या खाली,
तीनशे बारा भरेपर्यंत.
मृण्मयी बघत राहिली. काढ म्हणाली नाही.
एक डाळ वाकडी होती, तिनंच सरळ केली.

आदल्या रात्री उंदीर आला.

सकाळी सत्तावीस शिल्लक.
बाकी जागी फेविकॉलचे वाळके ठिपके.
ओटे शाबूत. घाट शाबूत.
मारुतीला धक्का नाही, पुढचं तोंड तसंच हसरं.
निनाद म्हणाला, पुराचा अंदाज होता, याचा नव्हता.
डाळ घरी होती, घर सिडकोत, वेळ अर्धा तास.
नाही आणली.

सादरीकरणात मी बोलायचं नाही असं ठरलेलं.
एक परीक्षक चष्मा कपाळावर चढवून वाकले.
हे डाग कसले?
अरहान खाली बघायला लागला. मृण्मयीनं माझ्याकडे पाहिलं.
मी म्हणाले, सर, हा गुरुवार आहे.

उत्तेजनार्थ मिळालं.
प्रमाणपत्रावर खैरनारचं खैनार झालंय.
मॉडेल अरहानच्या कपाटावर, त्याच्या आईला
फेकवत नाही, मारुतीमुळे.

वहीत हिशेब तसाच आहे,
तीनशे बारा वजा एकशे चाळीस.
आमच्या शाखेत बाकी खोडत नाहीत.
पानाच्या तळाशी लिहितात,
पान उलटतात,
आणि पहिल्याच ओळीत पुन्हा मांडतात:
एकशे बहात्तर.