शिश्काचे थांबे

मिरोनच्या गुडघ्यांतला बर्फ आता उन्हाळ्यातही वितळत नाही.
दर बुधवारी मी इंजेक्शन द्यायला जाते.
परवा बाही खाली करता करता म्हणाला,
रविवारी मोकळी असशील तर हिला वर घेऊन जा.
आमच्या अंगणातली नासपती उभी आहे का,
तेवढं बघून ये.
आणि वाट?
वाट तिला ठाऊक आहे.

शिश्का, म्हणजे चिडाचं बोंड.
तशीच आहे, तपकिरी, खरबरीत, अकरा वर्षांची,
कुणाच्याही पायाने घरंगळत जाईल असं वाटायला लावणारी.
पण लाकडी साकव ओलांडला आणि दोरी तिने धरली,
मी नुसतं दुसरं टोक.

बीचच्या राखी खोडांवर लाल-पांढरे पट्टे रंगवलेले,
शहरातून येणाऱ्यांसाठी.
शिश्काने त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.
पहिल्या चढानंतर एका बुंध्यापाशी ती बसली.
धाप नाही, तहान नाही.
ओढलं तर हलेना.
मग आपणच उठली, अंग झाडलं, निघाली.
पुढे सपाट दगडापाशी पुन्हा तेच.
मी वैतागून खाली पाहिलं तर
शेवाळात जळक्या काड्या,
काही जुन्या, फुगून पांढऱ्या पडलेल्या.

तेव्हा कळलं.
हा तिचा विसावा नव्हताच.
मिरोनला जिथे दम लागायचा
तिथे ती बसत होती,
त्याला लागायचा तेवढाच वेळ.

त्यानंतर मी घाई सोडली.
तिसऱ्या थांब्यावर तर तिच्या आधी बसले.
अळंब्यांची परडी घेऊन गेनोवेफाबाई खाली उतरत होत्या,
वाकून म्हणाल्या, काय गं, बरा आहे का तो?
विचारलं तिला. मला नाही.

वर गाव होतं म्हणतात.
मिरोन सात वर्षांचा असताना
सैनिक आले, दोन तास दिले,
गाय, गादी, आजी, सगळं मालगाडीत.
आता तिथे जंगल आहे,
पण जंगलाला न शोभणारं काहीतरी:
आलुबुखारची झाडं एका ओळीत,
खाजकुइरीने भरलेला तळघराचा खड्डा,
आणि एक दगडी क्रूस,
त्याच्यावरच्या माणसाला हात उरलेले नाहीत.

क्रुसापाशी शिश्का बसली.
या वेळी उताराकडे तोंड करून.
मी थांबले. खूप थांबले.
सॉसेजचा तुकडा दाखवला,
तिने तो नीट चावून खाल्ला
आणि पुन्हा खाली बघत राहिली.
गेल्या शरदात तो इथूनच माघारी फिरला असणार.
वरचा डोंगर तिच्या लेखी
तेव्हाच संपला.

मी एकटी गेले, चाळीसेक पावलं.
ती भुंकली नाही.
मान वळवून पाहिलं फक्त,
जाणाऱ्याकडे बघतात तसं.
फांद्यांआड काहीतरी पिवळं दिसलं.
नासपती असेल.
मेपलचं पानही असेल.
अजून दहा पावलं, की कळलं असतं.
मी परतले.

संध्याकाळी दिव्याखाली बसून
तो तिच्या कानांतली कुसळं काढत होता,
एकेक, बशीत ठेवत.
क्रुसापाशी बसली?
बसली.
खाली तोंड करून?
हो.
हात कानावरच राहिला त्याचा, बराच वेळ.
शिश्काने डोळे मिटले होते.
आणि झाड?
पिवळं होतं काहीतरी, मी म्हणाले.
मग आहे, म्हणाला,
आणि शर्टाची बाही वर सारली.
अहो, आज रविवार.
बाही तशीच.